बगळा छाप तंगूस

भादवा लागला की माझे दात शिवशिवतात. लोकांचे हात शिवशिवत असतील, माझे दात. आता त्यांतले पुढचे चार बसवलेले आहेत. बसवणाऱ्या डॉक्टरांनी सुपारी फोडायची नाही, ऊस सोलायचा नाही असं बजावलं होतं. तंगुसाचं त्यांना सुचलं नाही. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. तो गळाला बांधायचा, गाठ थुंकीनं ओली करून ओढायची आणि उरलेलं शेपूट दातांनी तोडायचं. कात्री काढणारा माणूस आमच्याकडे मासे धरण्याच्या बाबतीत कच्चा समजला जातो. तंगूस कोणत्या छापाचा आहे हेही डोळ्यांआधी दातांनाच कळतं.

यंदाचा भादवाही आला आहे. अनसिंगच्या आमच्या घरामागं सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. पावसानं दडी मारली आहे आणि ऊन असं की बनियन पाठीचं कातडं होऊन बसतं. तळ्याचं गढूळ पाणी निवळतंय. परवाच्या बाजारात एक जण पोतं अंथरून गळ, तंगूस, शिशाच्या गोळ्या मांडून बसला होता. गुडघे कुरकुरत असताना मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "बगळा आहे का?"

"बगळा काय राह्यते काका?" तो म्हणाला. "हे घ्या ना, इंग्रजी हाय. बिलकूल तुटत नाई."

बिलकूल तुटत नाही असं त्यानं इतक्या सहज म्हटलं की मला तिथून उठताच येईना.

आमच्या वाशिम जिल्ह्यात माणूस कुठला, हे ओळखायला त्याचं आडनाव विचारायची गरज नव्हती. त्याचा तंगूस पाहावा. अनसिंगला बगळा छाप. पांढरा, केसासारखा बारीक, पाण्यात पडला की दिसेनासा होणारा. आमची तळी उथळ, पाणी नितळ, मासे बोटाएवढे आणि फार हुशार. त्यांना फसवायला बगळाच हवा. माझे वडील, काका, गावातला न्हावी, सगळे बगळ्याचे. माझी सासुरवाडी किन्हीराजाची. तिथं गुलाब छाप चालायचा, हिरवागार. पाझर तलावाच्या शेवाळात हिरवा दोरा लपतो असं त्यांचं शास्त्र. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला मी सासऱ्यांसमोर बगळा काढला, तर माझा साळा मोठ्यानं म्हणाला, "जावाई, हा तं मायच्या शिलाई मशीनचा दोरा हाय!" सगळं घर हसलं. बायकोसुद्धा. मी त्या तलावावर दिवसभर बसलो, दोन मासे जास्त काढले, तरी साळ्यानं गुलाब सोडला नाही आणि मी बगळा सोडला नाही. ज्याचं त्याला प्यारं. नळाचं पाणी न मिळाल्याबद्दल न भांडणारी माणसं तंगुसावरून हातघाईवर आलेली मी पाहिली आहेत.

मानोऱ्याकडच्या तांड्यांवर मात्र तिसरंच राज्य होतं. तिथं रेडा छाप. हा छाप आपल्याकडच्या कुठल्याच दुकानात मिळत नसे. तांड्यातले लोक दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिमेकडे जात, आणि उन्हाळ्यात परत येताना कारखान्यालगतच्या बाजारातून रेड्याची रिळं घेऊन येत. तिकडच्या नद्या मोठ्या, मासे मोठे, म्हणून दोराही दणकट. जो तांडा ज्या कारखान्याला जातो, तिथला तंगूस त्या तांड्यावर. तिकडं शाळेवर मास्तर म्हणून नवीन होतो तेव्हा मला याची मोठी गंमत वाटायची. आता वाटत नाही. सहा महिने घरदार बंद करून, हातापायांना चिरा पाडून माणसं परत यायची आणि त्यांनी स्वतःसाठी आणलेली एकुलती एक चैनीची वस्तू म्हणजे तो दोरा असायचा.

बावीस वर्षांपूर्वी माझी बदली तसल्याच एका तांड्याच्या शाळेत झाली. चार वर्ग, दोन खोल्या, मी आणि आणखी एक गुरुजी. आषाढात पट भरलेला असायचा. दसऱ्यानंतर निम्मी पोरं ट्रकमध्ये बसून जायची आणि हजेरीपत्रकात नावापुढं रेघ ओढत बसायचं काम मला उरायचं. हंगामी वसतिगृहं वगैरे आमच्या तांड्यापर्यंत तेव्हा पोचली नव्हती.

तिथं मला थावरा भेटला. माझ्याच वयाचा, कोरड्या विनोदाचा, ओठांवर मिशी इतकी दाट की हसला तरी डोळ्यांवरूनच ओळखावं लागे. शाळा सुटली की तो तांड्याखालच्या डोहावर असायचा आणि महिन्याभरात मीही तिथं असायला लागलो. पहिल्या दिवशी त्यानं माझा बगळा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, दातांत घालून पाहिला आणि परत दिला.

"गुरुजी, हा मच्छर धराचा हाय का?"

"तुझा रेडा म्हणजे बैल बांधायचं दावं आहे," मी म्हणालो. "माशाला लांबूनच दिसतं. तो काय आंधळा आहे?"

"भुका हाय ना पन," थावरा म्हणाला. "भुक्याले दोरी दिसत नाई."

तिथून आमची जी जुंपली ती चार वर्षं पुरली. मी बगळ्यावर झिंगे आणि मळ्या काढायचो, तो रेड्यावर शिंगाळे. तो माझ्या माशांना चटणी म्हणायचा. मी त्याला म्हणायचो, तुझे मासे दोरा पाहून नाही, दया येऊन येतात. डोहाच्या तळाशी खडक होते आणि त्या खडकांत एक मरळ होता. काळा, मांडीएवढा, वर श्वास घ्यायला आला की पाणी बुडबुडत फुटायचं. तो कुणालाच लागत नव्हता. थावराचा रेडा त्याला खरंच दिसत असावा, आणि माझ्या बगळ्याच्या वाटेला तो जात नव्हता.

थावराची मुलगी कमळी चौथीत होती. पाठ संपायच्या आत तिचं पुढचं पान वाचून झालेलं असे. किराणा सामानाचे कागदी पुडे ती उलगडून त्यावरच्या जुन्या बातम्या वाचायची, आणि अर्धी फाटलेली बातमी पुढं काय असेल हे मला विचारायची. कडेवर वर्षाचा भाऊ कायम. वर्गातही. तो रडला की ती उभी राहून, त्याला हलवत, पाढे म्हणायची. आदल्या तिन्ही वर्षी ती दसऱ्याला तोडीवर गेली होती आणि चैत्रात परतून, उरलेल्या दिवसांत सगळा अभ्यास भरून काढला होता. पण पाचवीची शाळा दुसऱ्या गावात, आणि चौथीचं वर्ष पुरं बसल्याशिवाय तिथं घेत नसत. त्या वर्षी गेली असती तर पुढं शाळाच नव्हती. हे मला कळत होतं, तिला कळत होतं, आणि माझी खात्री आहे, थावरालाही कळत होतं.

मी त्याच्या घरी तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्याची आई दारात बसलेली, बायको चुलीपुढं. कमळी तोडीवर गेली नाही तर लहानग्याला फडात कोण सांभाळणार, हा बायकोचा प्रश्न. आणि मोठी होत चाललेली पोर म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवायची, हा म्हातारीचाच प्रश्न. दोन्ही प्रश्न खरे होते. माझ्याकडं फक्त तिची वही होती. थावरा तिन्ही वेळा गप्प राहिला. मला त्याचा राग आला. घरात शब्द चालत नसलेल्या माणसासारखा तो जमिनीकडं बघत बसला होता.

मग त्या भादव्यात, नाईकांच्या लिंबाखाली, दहा-बारा माणसांसमोर आमची नेहमीची तंगुसावरून खडाजंगी चालली असताना तो अचानक म्हणाला, "एवढा घमंड हाय बगळ्याचा, तं लावा शर्त. घट बसाच्या आंधी डोहातला मरळ बगळ्यावर काहाडून दाखवा. दाखवला, तं माही कमळी यंदा शाळेत राह्यते."

नाईक म्हणजे तांड्याचे म्हातारे प्रमुख. त्यांनी तोंडातली विडी काढली आणि विचारलं, "थावरा, शबूद का?"

"शबूद," थावरा म्हणाला.

नाईकांसमोर दिलेला शब्द तांड्यात कुणी मोडत नाही. मग तिथं आईचं चालत नाही आणि बायकोचंही नाही. हे मला पुरतं माहीत होतं, आणि तरी त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच की याला बगळ्याची शक्ती दाखवून देतो. कमळीचा विचार नंतर आला. खोटं कशाला बोलू, पाठोपाठ आला, पण नंतर आला.

तो महिना मी आयुष्यात विसरणार नाही. गणपतीत आमच्या घरी मासळी वर्ज्य, पितृपक्षात तर आईनं निरोप धाडला होता की हे दिवस पितरांचे, पाण्यात जीव मारत बसू नको. मी ऐकलं नाही. शाळा सुटली की डोह. खेकड्यांची बिळं उकरणं, बेडक्या धरणं, ओल्या मातीचा तो वास, बाभळीच्या शेंगा पाण्यात टपटपणं. कमळी भावाला कडेवर घेऊन वरच्या दगडावर बसायची. अभ्यास करत बसते असं मला वाटायचं. वही उघडी असायची हे खरं, पण नजर पाण्यावर असायची. दोनदा मरळानं बेडकी तोंडात धरली आणि सोडून दिली. आता आठवताना अंगावर काटा येतो ते त्या माशामुळं नाही. प्रत्येक वेळी वरच्या दगडावरून "ओऽ" असा एक बारीक आवाज यायचा, त्यामुळं.

शेवटचा दिवस सर्वपित्री अमावस्येचा. दुसऱ्या दिवशी घट बसणार, मग नऊ दिवस डोहावर कुणी जाणार नाही, मग दसरा, मग ट्रक. शाळेला सुट्टी होती. मी सकाळीच खाली उतरलो. माझा तंगूस पावडरच्या रिकाम्या डब्यावर गुंडाळलेला असे, तो डबा शाळेच्या कपाटात राहायचा आणि कपाटाची किल्ली वर्गप्रमुख म्हणून कमळीकडं. तिनं डबा आणून दिला. थावरा आधीच येऊन कडेला बसला होता. तांड्यातली चार माणसंही.

मी नवीन गळ बांधला, गाठ ओली केली, ओढली आणि शेपूट तोडायला दातांत धरलं. तुटेना. पुन्हा चावलं. तुटेना. बगळा एका चावात तुटतो. मी दोरा उजेडात धरला. पांढराच होता, पण जाड, आणि त्यात किंचित निळी झाक. रेडा! माझ्या डब्यावर कुणीतरी रेडा गुंडाळून ठेवला होता.

मला संताप अनावर झाला. डाव लगेच लक्षात आला, निदान तसं मला वाटलं. मरळ निघालाच असता तर थावरा सगळ्यांसमोर उठून म्हणाला असता, हा तर माझा तंगूस, बगळा हरला, शर्त फुकट. मी त्याच्याकडं पाहिलं. तो डोहाकडं बघत होता. चार माणसांसमोर त्याची अब्रू काढावी असं मनात आलं, पण मी स्वतःला आवरलं आणि मोठेपणा घेतला. कमळीला हाक मारली. "डबा धर, घट्ट," म्हटलं. तिनं भावाला खाली बसवलं आणि दोन्ही हातांनी डबा धरला. मी भराभर दोरा ओढत गेलो, डबा तिच्या हातात गरगर फिरत होता, आणि रेड्याचा गुंता माझ्या पायाशी साचत होता. ओढता ओढता मी तिला म्हणालो, आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका ठेवला, "बघ कमळे, जिंकायचं असलं तरी खोटं करू नये. खोट्यानं मिळालेलं टिकत नाही. लक्षात ठेव."

"हो गुरुजी," ती म्हणाली.

खिशात बगळ्याची नवी गुंडी होती. ती मी डब्यावर चढवली.

दुपारी, ऊन डोक्यावर असताना, मरळ लागला. खरोखरच लागला. दोऱ्याला हिसका बसला आणि डबा माझ्या हातातून उडाला. मी तो पकडला. मासा एकदा वर आला, त्याची पाठ दिसली, काळी आणि रुंद, आणि सगळे ओरडले. मग तो खडकांकडं वळला. मी ढील दिली, पुन्हा ओढलं, पुन्हा ढील दिली. बगळा खडकाच्या कडेला घासला गेला. तुटल्याचा आवाजही झाला नाही. हात एकदम हलका झाला, इतकंच. थावरानं अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात उडी मारली होती आणि तो दोन्ही हातांनी खडकात चाचपडत होता. बराच वेळ. मला तेव्हा वाटलं, बघा, आता फुकटचा मासा हवाय याला. वरच्या दगडाकडं मी पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ट्रक आला. कमळी गाठोड्यावर बसली होती, मांडीत भाऊ. तिनं मला हात केला. मी हजेरीपत्रकात तिच्या नावापुढं रेघ ओढली.

त्यानंतर माझ्या चार बदल्या झाल्या. मरळ गेला, पोर गेली, पण मी माझ्या हातून खोटं होऊ दिलं नाही, हे एक मी धरून राहिलो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो हा. लाज वाटते सांगायला, पण प्रत्येक शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला मी ही हकिगत सांगितली आहे. डब्यावरचा दोरा काढून टाकणारा गुरुजी. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी विचारलं नाही की त्या मुलीचं पुढं काय झालं.

मला माहीत होतं काय झालं ते. सतराव्या वर्षी लग्न. आता ती आणि नवरा मिळून कोयता चालवतात. तिला तीन लेकरं. थोरली मुलगी नऊ-दहा वर्षांची, आणि ती दर दसऱ्याला त्यांच्यासोबत जाते, कारण धाकट्याला फडात सांभाळायला कुणीतरी हवंच. तांड्यावरची आमची शाळा पट नाही म्हणून बंद झाली.

बाजारातून उठलो तो मी घरी गेलोच नाही. मोटारसायकल काढली आणि दुपारी तांड्यावर पोचलो. डोह गाळानं भरला आहे. खडकांच्या जागी बेशरमाची झुडपं वाढली आहेत. मरळ असण्याचा प्रश्नच नाही, पाणीच गुडघाभर. थावरा घराच्या सावलीत बाजेवर होता. कंबर गेली म्हणून आता तोडीला जात नाही. मिशी पांढरी. मला पाहून उठायला लागला, मी बसवलं.

"काहून आले गुरुजी एवढ्या उन्हात?"

"बगळा बंद झाला, ते सांगायला," मी म्हणालो.

"रेडा बी बंद झाला," तो म्हणाला. "सारंच बंद."

आम्ही दोघं हसलो. चहा आला. बऱ्याच वर्षांनी जुन्या भांडणाची गोडी लागली आणि मी म्हटलं, "पण तू त्या दिवशी पकडला गेलास बरं का. माझ्या डब्यावर गुपचूप रेडा गुंडाळलास. दातानं सांगितलं मला."

थावरानं कपातला चहा बशीत ओतला आणि ओतलेला तसाच ठेवला.

"गुरुजी, मले हाराचं होतं," तो म्हणाला.

मला समजलं नाही. तो सावकाश सांगत गेला. घरात त्याचं कुणी ऐकत नव्हतं. आईपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. नाईकांसमोर हरला असता तर पोरगी आपोआप राहिली असती, आणि कुणाला एक शब्द बोलता आला नसता. म्हणून शर्त. पण मासा लागला तरी बगळा खडकावर तुटणार, हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून डब्यावर रेडा. "मनलं, तुमी काहाडान रेड्यावर अन् मनान बगळा जिंकला. मी काय नाई मनलो असतो? खुशीनं मान खाली घातली असती."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगतलं असतं तं तुमी केलं असतं का?"

मी काय केलं असतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझ्या इमानदारीची मला त्या क्षणी शिसारी आली. तो बगळा, ती शहाजोग वाक्यं, त्या टाळ्या, सगळ्याची.

"आणि कमळी?" मी विचारलं. "तिला माहीत होतं?"

"तिनंच तं गुंडाळला होता. आदल्या दिवशी सांजच्याले तुमी डबा कपाटात ठेवून गेले तवा. किल्ली तिच्यापाशीच राह्यची. लय मन लावून गुंडाळला, गुरुजी, एकावर एक, सारखा." थावरानं बशी खाली ठेवली. "तो तुमी काहाडला अन् मरळ गेला. मी घरी आलो तं ते गाठुडं बांधून राह्यली होती. मी मनलं, पोरी, गुरुजीले सांगू का आता, पाया पडू का? तं मने, नोको बा. गुरुजी बराबर बोलले. खोटं करू नये." तो डोळ्यांतून हसला, पूर्वीसारखाच. "तुमी शिकवलेलं तिच्या लय ध्यानात राह्यचं."